स्वतःचीच पेशंट

शनिवारी दुपारी बोका पांढरा पडला. मुळात तो पिवळाधमक, चांगला गलेलठ्ठ, कानाला एक खाच पडलेला गुंड. पांढऱ्या पडल्या त्या त्याच्या हिरड्या. सकाळी त्याचं ऑपरेशन झालं होतं, ज्यानंतर बोके रात्रीबेरात्री भांडायला जात नाहीत ते. त्याचा मालक घड्याळं दुरुस्त करतो. माणूस इतका हळवा, की बोक्याला माझ्या हातात देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी नेहमीची टेप लावली, "अहो, पाच मिनिटांचं काम आहे, दुपारीच उड्या मारत घरी येईल." काम झालं, बोका शुद्धीवर आला, मला शिव्या देऊन झोपला. मी दवाखाना लवकर बंद करायच्या घाईत होते. आमची नर्स, तिला सगळे पैलवान म्हणतात, वजन जेमतेम चिमणीचं पण एकदा पकडलेलं कुत्रं तिच्या हातून सुटलेलं कुणी पाहिलेलं नाही, तिला मी सकाळपासून घरी हाकलत होते. "तुझं झालं ना? मग जा. बाकीचं मी बघतो. पोरांना घेऊन कुठेतरी फिरून ये." ती खांद्याला पर्स अडकवून दारापर्यंत गेली आणि परत आली, कारण प्रत्येक जनावराला "येते हं" म्हटल्याशिवाय तिचा पाय निघत नाही. पिंजऱ्यापाशी वाकली, आणि तिचा आवाज बदलला. "डॉक्टर, याच्या हिरड्या बघा."

इथे माझ्याविषयी सांगून टाकते, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा. पाटीवर, पैलवानशी, घड्याळवाल्याशी मी डॉक्टरसाहेब, "बघतो" आणि "करतो" म्हणणारा माणूस. बहिणीच्या मुलींचा मामा. मनातल्या मनात मात्र मी शाळेत जायच्या आधीपासून आले, गेले, जेवले, रुसले असंच बोलत आले आहे. चाळिशी उलटली तरी मनातली ती बाई काही गप्प बसली नाही. मी तिला धाक दाखवला, अभ्यासाला लावलं, जनावरांची डॉक्टर केलं, दिवसाला वीस पेशंट तपासायला लावले. ती सगळं मुकाट करायची आणि रात्री आंघोळीला गेलं की विचारायची, "हे अंग कुणाचं?" आंघोळ मी दिवा न लावता करते, कित्येक वर्षं. आणि त्या शनिवारी पैलवान घरी गेली, दाराला आतून कडी लागली, की ज्यामुळे ते अंग मला सर्वांत परकं वाटतं तेच मी काढून टाकणार होते. स्वतः. माझ्याच दवाखान्यात. म्हणून ती घाई.

आता वाटतं, किती हा आगाऊपणा! पण तेव्हा ते मला अतिशय समंजस वाटत होतं. जनावरांच्या डॉक्टरला एक खोड लागते. आमचा पेशंट कधी बोलत नाही. त्याला काय वाटतं, त्याला हवंय का, घरी गेल्यावर त्याच्याजवळ कोण बसणार, हे तो सांगत नाही, सांगतो तो मालक. इतक्या वर्षांत मला स्वतःच्या शरीराचीही मालक व्हायची सवय लागली होती. ते आणून टेबलावर ठेवायचं, पाच मिनिटांचं काम करायचं, घेऊन जायचं. ते काही बोलेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शिवाय वर अहंकार होताच. गल्लीबोळातल्या तमाम बोक्यांची ऑपरेशनं मी केली, माझं मला जमणार नाही? माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन, त्या खुर्चीत बसून, शर्टाची बटणं काढत "मला असं असं वाटतं" म्हणायचं, त्यापेक्षा हे सोपं. ते वाक्य मी कितीदा तोंडात घोळवलं होतं! ओठापर्यंत यायचं आणि मी सर्दी झालीय म्हणून सांगून परत यायचे. आमच्या फॅमिली डॉक्टरला माझी नाक-घशाची प्रकृती फार नाजूक वाटते.

बोक्याच्या पोटात रक्त साठत होतं. बांधलेली रक्तवाहिनी निसटून आत मागे सरकली होती. असं क्वचित होतं, पण होतं, आणि मला ते सगळ्यांना तोंडपाठ सांगता येतं. तोंडपाठ येणं वेगळं आणि तुमच्या बोटाखाली एक जीव गार पडत जाणं वेगळं. पैलवानने पर्स कुठे फेकली कुणास ठाऊक, ती टेबलापाशी उभी होती, दिवा लावलेला, बोका झोपवलेला, माझ्या हातात हवं ते मागायच्या आधी येत होतं. तेवढ्यात दारात घड्याळवाला. बिचारा उतावीळपणे तासभर आधीच घ्यायला आला होता, हातात टोपली, टोपलीत जुना स्वेटर. पैलवानने त्याला रडूही दिलं नाही. "काका, रडायचं नंतर. तुमचा हात थरथरत नाही ना? मग हा छोटा दिवा धरा, इथे, आणि डॉक्टर सांगतील तिथेच बघा." माणसाने आयुष्यभर केसाएवढे स्क्रू फिरवलेले, त्याने तो दिवा असा धरला की उजेड तसूभर हलला नाही. रक्त कमी पडायला लागलं तेव्हा पैलवान माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅनेजर?" मॅनेजर म्हणजे आमच्या दवाखान्यातली ऐतखाऊ मांजरी, बाहेरच्या काउंटरवर पसरून येणाऱ्या-जाणाऱ्याला तुच्छतेने बघते. तिचं रक्त जुळत होतं. तिला उचलून आणली, तिने आम्हा सगळ्यांचा उद्धार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कामाला आली.

त्या सगळ्या धांदलीत, हात कोपरापर्यंत माखलेले, मी ती वाहिनी शोधत होते आणि डोक्यात अगदी शांतपणे, कुणी शेजारी बसून बोलावं तसं, एक वाक्य आलं, की या बोक्याला तीन माणसं आणि एक मांजर आहे. तुला कोण होतं? मी मान खाली घालून काम करत राहिले, पण ते वाक्य हलेना. रक्त जायला लागलं की सगळ्यात आधी काय जातं हे मला माहीत नाही का? हाताची ताकद जाते, नजर जाते, आणि अक्कल तर त्याच्याही आधी जाते. माणसाला वाटतं आपण ठीक आहोत, आणि तो जमिनीवर आलेला असतो. डॉक्टर बेशुद्ध पडला की दुसरा धावत येतो. पेशंट बेशुद्ध पडला की डॉक्टर असतो. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी फरशीवर. दाराला आतून कडी. आणि पैलवान पोरांबरोबर झोपाळ्यावर, मीच तिला पाठवलेली. हे मी बारा गावच्या मालकांना समजावलं असतं, ओरडून समजावलं असतं, कुणी येऊन म्हणालं असतं की बोक्याचं घरीच करतो तर मी त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं असतं. आणि स्वतःसाठी मला तो फक्त एक मोकळा शनिवार वाटत होता.

"सापडली," मी म्हटलं. म्हणजे वाहिनी. पैलवानने इतका मोठा श्वास सोडला की तिच्या तोंडावरचा मास्क फुगला.

बोका वाचला. तासाभराने त्याच्या हिरड्यांवर गुलाबी छटा आली आणि मी ती अशी निरखत बसले होते की जणू आजवर गुलाबी रंग पाहिलाच नव्हता. घड्याळवाला म्हणाला, "डॉक्टर, आता रडू का?" आणि पैलवान म्हणाली, "आता रडा," आणि तो रडण्याऐवजी हसायला लागला, मग ती, मग मी. मी हसता हसता रडायला लागले आणि थांबेचना. त्यांना वाटलं, ताण आला. आला होताच. पण बाई गं, मला भूक लागली होती! किती दिवसांनी अशी कडकडून भूक लागली होती. घड्याळवाल्याने टोपलीतल्या स्वेटराखालून बिस्किटांचा पुडा काढला, आम्ही हात धुऊन तो तिघांनी फस्त केला, आणि मॅनेजरला त्यातला चुरा मिळाला. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या जिन्यावर ऊन पडलेलं दिसत होतं, एक बाई गालिचा झटकत होती, धूळ उडत होती, आणि ती धूळ मला इतकी सुंदर वाटली की मी त्या बाईला हात केला. तिने बिचारीने गोंधळून परत हात केला.

पैलवानने पर्स शोधून काढली. "आता तरी जाऊ? सकाळपासून हाकलताय."

"जाऊ नकोस," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. पर्स टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढून बसली. "माझी बहीण येईपर्यंत थांब. मी आज एकटा राहू नये असं मला वाटतंय." एवढं बोललं तरी केवढं ओझं उतरलं! तिच्या समोरच मी ताईला फोन लावला. ताई गाडी शिकवते, स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल आहे तिची, आणि फोनवर ती कायम ओरडूनच बोलते कारण शेजारी कुणीतरी चुकीचा गिअर टाकत असतो. "न्यायला येतेस का?" "गाडी बंद पडली का?" "गाडी नाही. मी." मग ती म्हणाली, "तिथेच थांब. हलू नको." आणि दुसऱ्या कुणाला तरी, "आजोबा, सिग्नलला डावीकडे घ्या. आज आपण नवीन रस्ता शिकतोय."

ती आली ती विद्यार्थ्यासकटच. स्टिअरिंगवर एक निवृत्त आजोबा, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, घामाघूम. ताई शेजारी, तिच्या पायाशी तिचा वेगळा ब्रेक. मी मागे बसले. पैलवानने माझ्यामागे दार लावलं आणि काचेवर हळूच टकटक केली. काय बोलायचं ते मी ठरवलं होतं, प्रस्तावना वगैरे. पण आजोबा पहिल्या गिअरमध्ये रखडत होते, ताई पुढे बघत होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि चेहरा दिसत नसला की किती सोपं जातं! मी सरळ सांगून टाकलं. मी आतून काय आहे ते, आणि आज दुपारी मी स्वतःवर काय करणार होते ते.

गाडी रस्त्याच्या मधोमध गचकन थांबली. मागे हॉर्नचा कल्लोळ. आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी काय केलं?"

"तुम्ही काही नाही केलं, आजोबा. तुम्ही फार छान चालवताय." ताईने मागे वळून बघितलं. "मूर्ख कुठली!" ती ओरडली. "अगं, मेली असतीस!"

तिला कळलंही नाही ती काय बोलली. मला कळलं. शिवी खाऊन इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी त्या फाटक्या सीटवर बसून मुसमुसत होते आणि हसत होते आणि मागचा ट्रकवाला आमच्या सात पिढ्या काढत होता. आजोबांनी शहाण्या माणसासारखी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर सुद्धा दिला. "हे कधीपासून?" ताईने विचारलं. म्हटलं, लहानपणापासून. "ते नाही विचारत! ते मला काय दिसत नव्हतं? तुला गाडी शिकवताना आरशात बघ, आरशात बघ म्हणून मी घसा कोरडा केला, तू मान तिरकी करून रस्ता बघायचीस, पण स्वतःचं थोबाड दिसेल म्हणून आरशात बघायची नाहीस. मी म्हटलं, सांगेल कधीतरी. सांगायला एवढी वर्षं लावायची असतात? आजचं विचारतेय मी. आजचं कधी ठरवलंस?" आजोबा हळूच म्हणाले, "बाळा, आधी डॉक्टरकडे जा. मला घाई नाही. मी चालवतो." आणि त्यांनी चालवली. मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारापर्यंत, एकदाही गाडी बंद न पाडता. उतरताना ताईने त्यांच्या पाठीवर थाप मारली, "पास."

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर जांभई आवरत होता. "काय होतंय?" मी म्हटलं, "काही झालेलं नाही. होणार होतं." मला वाटलं तो हसेल, किंवा बाहेर बसा म्हणेल, किंवा त्याच्या चेहऱ्यावर ते येईल ज्याच्या भीतीने मी इतकी वर्षं सर्दीवर काढली. त्याने जांभई गिळली, खुर्ची जवळ घेतली आणि विचारलं, "आत्ता या क्षणी सुरक्षित वाटतंय? कुठे जखम? रक्त?" मग आत जाऊन मनाच्या डॉक्टरीण बाईंना बोलावून आणलं. त्या माझ्याच वयाच्या, नाक लाल, त्यांना खरीखुरी सर्दी झालेली, हातात अर्धवट खाल्लेलं पेअरचं फळ. पेअर त्यांनी रुमालावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बोला. मला कुठेही जायचं नाहीये." मी ते वाक्य बोलले. चाळीस वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य. तिथे दिवा चांगला लखलखीत होता, आणि काहीच झालं नाही. भिंत कोसळली नाही. बाई शिंकल्या, "सॉरी" म्हणाल्या, आणि म्हणाल्या, "अशा खूप जणी माझ्याकडे येतात. काही जण वेगळ्याच कारणाने येतात, कुणाला स्वतःच्या इच्छांची भीती वाटते, कुणाला डोक्यातले आवाज सांगतात. कारण काहीही असो, हे स्वतः करून आलेले मी पाहिलेत. काही पोचतच नाहीत, वाटेत रक्त जातं. जे वाचतात त्यांना जंतूंची लागण होते, ती रक्तात पसरते. लघवीच्या मार्गाला इजा होते. हार्मोन एकदम बंद झाले की हाडं ठिसूळ होतात, मन खोल जातं, आणि त्याला औषध द्यायला कुणी नसतं. आणि तुमच्यासारखीला तर आणखी एक. पुढे नीट शस्त्रक्रिया करायची म्हटलं तर सर्जनला जे लागतं तेच तुम्ही बिघडवून ठेवलेलं असतं."

"हे मला माहीत होतं," मी म्हटलं. "म्हणजे, बोक्यांचं."

"बोक्यांना आमच्याकडे रांग लावता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येते. हार्मोनचे डॉक्टर आहेत, सर्जन आहेत, मी आहे. आम्ही एकत्र बसतो. वेळ लागतो, चिडचिड होते, पण रस्ता आहे, आणि त्यावर कुणी हसत नाही. परत तसा विचार आला तर कितीही वाजता इथे या, किंवा हेल्पलाइनला फोन करा, किंवा नुसतं बहिणीला हाक मारा. आणि ऐका, आज तुम्ही करून आला असता ना, तरी मी तुम्हाला याच खुर्चीत बसवलं असतं. ओरडले नसते. लाजेने घरी बसणारेच दगावतात." मग पेअरचा एक घास खाऊन, सहज, त्यांनी विचारलं, "सोमवारी कोणते पेशंट होते तुमचे?"

"सोमवारी नव्हते. तो आठवडा मोकळा ठेवला होता. जखम भरायला."

"बरं. आणि त्याच्या पुढच्या सोमवारी?"

मी तोंड उघडलं. आणि मला आठवेना. मला कधीच असं होत नाही, माझ्या डोक्यात पुढच्या तीन आठवड्यांची कुत्री-मांजरं नावानिशी असतात, कुणाचे टाके, कुणाची लस. त्या पुढच्या सोमवारी कुणीच नव्हतं. त्यानंतरही कुणी नव्हतं. गेले कित्येक दिवस फोन आला की मी म्हणत होते, "बघू, कळवतो," आणि फोन ठेवत होते, एकूण एकाला. एकही तारीख दिली नव्हती. मला वाटत होतं मी एका ऑपरेशनची तयारी करतेय. त्या बाईंच्या लाल नाकाकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की त्या शनिवारनंतर मी जिवंत असेन हे मी धरलंच नव्हतं. त्यांनी रुमालाची घडी उलटी केली, स्वच्छ बाजू वर आणली आणि माझ्यापुढे सरकवली.

मी बाहेर आले तेव्हा कॉरिडॉरमध्ये ताई बाकावर बसली होती आणि तिच्याशेजारी आजोबा, दोघांच्या हातात यंत्रातला चहा. त्यांना घरी जायला सांगितलं होतं, ते गेलेच नव्हते. ताई उठली. तिचा चहा सांडला, तिला कळलं नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे असं बघितलं की जणू वाचून काढेल सगळं. "काय म्हणाल्या? सोन्या, बोल ना. काय म्हणाल्या?"

"सोमवारी बोलावलंय," मी म्हटलं. "हार्मोनच्या डॉक्टरांकडे. मंगळवारी यांच्याकडे. तोवर तुझ्या घरी राहायचं, एकटं राहायचं नाही. मग पुढच्या महिन्यात. मग त्याच्या पुढच्या."

"आणि मग?"

"आणि मग परत बोलावलंय," मी म्हटलं, आणि ते म्हणायला इतकं छान वाटत होतं की पुन्हा म्हटलं. "ताई, मला परत बोलावलंय."